बांधातला मुठा, भाताच्या गोळ्या आणि शंखातला पाहुणा



लावणी उरकून आज तेरावा दिवस. खालच्या चार खाचरांत कर्जत-३ उभं आहे, रंग धरलाय, पण बांधाकडच्या ओळी विरळ दिसतायत. राबात शिल्लक ठेवलेल्या मुठी होत्या त्या सगळ्या नांग्या भरण्यात गेल्या. आपल्याकडे रोप गेलं की त्या जागी दुसरं लावायला नांग्या भरणं म्हणतात आणि खेकड्याच्या चिमट्यालाही नांगीच म्हणतात. एका नांगीनं पाडायच्या, दुसऱ्या नांग्या आम्ही भरायच्या, असा हा दर आषाढातला धंदा.

आधी एक खुलासा, कारण नवीन मंडळी पेजवर आली आहेत. हा शिळफाटा खोपोलीजवळचा, खालापूर तालुक्यातला. कल्याणकडचा नव्हे. वर बोरघाट, खाली पाताळगंगा. टाटांचं खोपोलीचं वीजघर १९१५ पासून चालू आहे आणि वीज करून सुटलेलं पाणी नदीला मिळतं, म्हणून भर उन्हाळ्यातही पाताळगंगा वाहती दिसते. पण ते पाणी नदीकाठाला. आमची खाचरं डोंगराच्या पायथ्याला, उतरंडीसारखी एकाखाली एक. इथं सगळा हिशेब पावसाचा आणि बांधाचा. बांध राहिला तर पाणी राहील, पाणी राहिलं तर भात.

आणि बांधात राहतो मुठा. वाडी बदलली की नाव बदलतं; कुणी चिंबोरी म्हणतं, कुणी नुसता खेकडा, खाली तळकोकणात गेलात तर कुर्ली. मी इथं मुठाच लिहितो.

नुकसान मुठ्याचंच आहे हे ओळखायचं कसं, ते आधी लिहितो, कारण मागच्या वर्षी दोघातिघांनी उंदराच्या बिळाचे फोटो पाठवून मुठ्याचं औषध विचारलं होतं. उंदराच्या बिळाबाहेर माती मोकळी, भुसभुशीत, ढीग केल्यासारखी पडते. मुठा माती ओलीच बाहेर आणतो, तिचे गोळे तोंडाशी रचलेले दिसतात, जसे काही कुणी हातानं वळून ठेवलेत. बिळाचं तोंड आडवं, चपटं असतं, कारण धनी आडवा चालतो. पाण्यालगत रोप कापलेलं असतं आणि पातीचे तुकडे तरंगत असतात. काही तुकडे बिळाच्या तोंडात ओढलेले सापडतात. नुकसान बांधाच्या कडेला जास्त, खाचराच्या मध्यावर कमी. आणि सगळं रात्रीत होतं. संध्याकाळी चुड नीट, सकाळी जागा रिकामी.

रोप कोवळं असतं तोवरच हा त्रास. फुटवे येऊन बुडखा कडक झाला की मुठा त्याच्या वाटेला फारसा जात नाही. म्हणजे लावणीनंतरचे दोन-तीन आठवडे सांभाळायचे. पण बिळाचा त्रास मात्र भात कापेपर्यंत.

आता ज्या प्रश्नामुळे हे लिहायला बसलो त्याकडे येतो. एका वाचक ताईंनी किनाऱ्यावरचा एक व्हिडिओ पाठवला. अलिबागला फिरायला गेल्या होत्या, खडकातल्या डबक्यात एक शंख चालताना दिसला. शंखातून नांग्या बाहेर. त्यांनी विचारलं, "दादा, हा तुमच्या मुठ्याचाच भाऊ का? हाच पावसात डोंगरावर येतो का?"

प्रश्न चांगला आहे. उत्तर "नाही" असं एका शब्दात देता आलं असतं, पण त्यातून आपल्या मुठ्याबद्दलच बरंच कळतं, म्हणून जरा बैठक मारून सांगतो.

शंखात राहणारा तो वेगळ्याच घरचा. आपल्या मुठ्याचं पोट उलटं करून बघा. शेपटीची पट्टी पोटाखाली घट्ट दुमडलेली असते. नराची अरुंद, मादीची रुंद. सगळं अंग कवचात बंद. शंखवाल्याचं तसं नाही. त्याचं पुढचं अंग कडक, पण मागचा भाग मऊ, उघडा आणि एका बाजूला वळलेला. तो भाग झाकायला त्याला मेलेल्या गोगलगायीचा शंख लागतो. पायही मोजा. मुठ्याला नांग्या सोडून चालायचे चार जोड्या पाय दिसतात. शंखवाल्याच्या दोनच जोड्या बाहेर. मागच्या दोन जोड्या बारीक, शंख आतून धरून ठेवायला. म्हणून शास्त्रज्ञ त्याला खऱ्या खेकड्यांत धरतच नाहीत.

ताईंनी पाहिला तो समुद्रातला. पण या शंखवाल्यांतलं एक कुटुंब पाणी सोडून जमिनीवर आलंय. शास्त्रात त्या कुळाला कोएनोबिटिडी म्हणतात. इंग्रजीत शंखवाल्यांना 'हर्मिट' म्हणजे एकांतात राहणारा संन्यासी म्हणतात, आणि या कुळाचं नाव मात्र मठात एकत्र राहणाऱ्या साधूंवरून पडलंय. दुसरं नाव जास्त बरोबर आहे, कारण जमिनीवरचे हे प्राणी घोळक्यानं राहतात. एखादा मोठा रिकामा शंख सापडला की त्याच्याभोवती लहानमोठे जमतात. सगळ्यात मोठा त्या शंखात शिरला की त्याचा जुना शंख त्याच्या खालच्याला, त्याचा त्याच्या खालच्याला, अशी एकामागं एक घरं बदलली जातात. आमच्याकडे थोरल्याची पँट धाकट्याला यायची तसंच.

या कुळात मोठ्या ढोबळ हिशेबानं सतराच्या आसपास जाती शंख वागवणाऱ्या, आणि एक अवाढव्य, नारळी खेकडा. तो लहानपणी शंख वागवतो, मोठा झाला की टाकून देतो आणि आपलंच अंग कडक करून घेतो. चार किलोपर्यंत वजन जातं, झाडावर चढतो, नारळ फोडतो. आपल्या देशात तो अंदमान-निकोबारकडे आहे आणि वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण आहे. डार्विन साहेब १८३६ साली हिंदी महासागरातल्या कीलिंग बेटांवर उतरले होते तेव्हा त्यांनीही त्याच्याबद्दल लिहून ठेवलंय.

आता मुद्द्याची गोष्ट. हे जमिनीवर राहणारे, पाण्यात जास्त वेळ ठेवले तर गुदमरून मरणारे प्राणी, पण पिल्लांसाठी त्यांना समुद्राकडेच जावं लागतं. मादी पाण्याच्या कडेला अंडी सोडते, त्यातून निघालेली बारीक अळी समुद्रात तरंगत वाढते आणि मग किनाऱ्याला येऊन शंख शोधते. जमीन घेतली, पण सातबाऱ्यावर समुद्राचं नाव राहिलं ते राहिलंच.

आपल्या मुठ्यानं ते नावही काढून टाकलंय. सह्याद्रीतल्या मुठ्याला जन्मात कधी समुद्र लागत नाही. त्याची मादी मोजकी, पण मोठी अंडी पोटाच्या पट्टीखाली धरून ठेवते. अळी वगैरे प्रकार नाही. अंड्यातून थेट नखाएवढे खेकडे निघतात आणि तेही काही दिवस आईच्या पोटाखालीच राहतात. ज्यांनी पावसात बॅटरी घेऊन रात्र काढली आहे त्यांनी हे पाहिलेलं असणार. पट्टी जरा उचलली की आत पिवळट-तपकिरी पिल्लांची वळवळ.

कृषीच्या विद्यार्थ्यांसाठी इथं एक नोंद. समुद्राच्या खेकड्याची अळी लाटेबरोबर कुठेही जाऊ शकते, म्हणून एक जात लांबलांब पसरते. मुठ्याचं पिल्लू आईपासून चार पावलं जातं. मधे डोंगर आला की तिकडचे तिकडे, इकडचे इकडे. म्हणूनच आपल्या सह्याद्रीत ओढ्याओढ्याला वेगळी जात सापडते. २०१४ साली भारतीय प्राणी सर्वेक्षणच्या शास्त्रज्ञांनी सह्याद्रीतल्या खेकड्यांचा एक नवा गटच वर्णन केला आणि घाटावरून त्याचं नाव 'घाटियाना' ठेवलं. २०१६ मध्ये महाराष्ट्रातल्याच घाटांतून एकदम पाच नव्या रंगीत जाती जाहीर झाल्या. आपल्या बांधातला मोठा, जांभळट-तपकिरी मुठा मात्र जुना ओळखीचा. कर्नल साईक्स नावाचे इंग्रज अधिकारी दख्खनची मोजदाद करत फिरत होते, त्यांनी दिलेल्या खेकड्यांवरून १८३६ सालीच त्याला नाव मिळालं: कुनिक्युलारिस. लॅटिनमध्ये ससा आणि सशाचं बीळ यांच्यावरून आलेला शब्द. म्हणजे साहेबालाही आधी बीळच दिसलं. तेच १८३६ साल, तिकडे डार्विन नारळी खेकडा बघतायत आणि इकडे आपला मुठा कागदावर चढतोय. असो.

ताईंच्या प्रश्नाचं उत्तर झालं. आता आमचं भांडण.

बिळाचा त्रास कसा होतो ते उतरंडीच्या शेतीवाल्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. मुठा श्वास कल्ल्यांनीच घेतो, पण कल्ल्यांची खोली ओली राहिली तर तो हवेवरही तगतो. म्हणून त्याला पाण्यात राहायची गरज नाही, ओलीत राहायची आहे. उन्हाळ्यात ओल जशी खाली जाते तसा तो बीळ खाली नेतो, तोंड मातीनं बुजवतो आणि पडून राहतो. पहिल्या दणक्या पावसात बाहेर येतो. तोवर बांधात पोकळी तयार झालेली असते. लावणीला आपण खाचर भरतो, पाणी त्या पोकळीत शिरतं, बांधाच्या पलीकडच्या अंगाला वाट काढतं. आधी बोटाएवढी धार, मग मनगटाएवढी. रात्री मोठा पाऊस आला तर सकाळी खांड. वरच्या खाचराची खांड पडली की ते पाणी खालच्यावर येतं, त्याचा बांध जातो, मग त्याच्या खालचा. आम्ही एकदा एका रात्रीत तीन बांध घालवलेत. माती खाली ओढ्याला गेली ती परत येत नाही. लोकांना भाताचं नुकसान दिसतं, मातीचं कुणी मोजत नाही.

हे लिहिताना तिवरे आठवतंच. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, वीसपेक्षा जास्त माणसं वाहून गेली. तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी सांगितलं की खेकड्यांनी धरण पोखरलं. मग निषेध म्हणून कुणी पोलीस ठाण्यात खेकडे घेऊन गेलं, राज्यभर विनोद झाले. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती, हेही त्याच बातम्यांत होतं. मी धरणाचा इंजिनिअर नाही. पण बांधावर आयुष्य गेलंय, तेवढ्यावरून एक सांगतो. मुठा ओल शोधत जातो. कोरड्या, घट्ट चोपलेल्या बांधात तो सहसा घर करत नाही. एखाद्या बांधाच्या बाहेरच्या अंगाला अचानक मुठ्यांची बिळं वाढली तर मी आधी समजतो की आतून पाझर लागलाय. तो गळतीची खबर देतो आणि मग ती वाढवतोही. दोन्ही खरं. पण खबर मिळाल्यावर फावडं कुणी उचलायचं, हा प्रश्न खेकड्याला विचारून उपयोग नाही.

तर आमच्या वरची दोन खाचरं तात्यांची, म्हणजे आमच्या चुलत्यांची. त्यांचा बांध तोच माझा माथा. लावणीनंतर पाचव्या दिवशी तात्या बांधावर आले आणि म्हणाले, "तुझ्या त्या पेजवर लिहून मुठे मरतात का रे?"

म्हटलं, "नाही तात्या."

"मग गोळ्या टाकू. सगळ्या आळीनं एकदम टाकायच्या. तू एकटा राहिलास तर तुझे मुठे माझ्याकडे येणार."

तात्यांचं चूक नाही. शिजवलेल्या भातात ॲसिफेट कालवून गोळ्या करायच्या आणि संध्याकाळी बिळाच्या तोंडाशी ठेवायच्या, ही कोकणात भातासाठी सांगितली जाणारीच पद्धत आहे. आणि ती सगळ्यांनी मिळून केली तरच उपयोगी, हेही खरं. प्रमाण मी इथं मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना करायचं आहे त्यांनी कृषी सहायकाला विचारा, लेबल वाचा, हातमोजे घाला. पेजवर वाचून कुणी हातानं भात कालवायला बसू नये.

अडचण औषधाची नाही, पुढच्या गोष्टीची आहे.

पावसाळ्यात आमच्या बांधांवर ठाकूरवाडीतली आणि कातकरवाडीतली माणसं मुठे धरायला येतात. माझ्या आठवणीच्या आधीपासून येतात. लावणी संपली की मजुरी संपते आणि कापणी लांब असते. मधल्या दिवसांत मुठे, रानभाज्या, ओढ्याचे मासे. रात्री धरलेले मुठे सकाळी वेलीत नाहीतर सुतळीत बांधून जुन्या हायवेच्या कडेला विकायला बसतात. तुम्ही पुण्या-मुंबईकडून येताना गाडी थांबवून ते घेतलेले असतात. म्हणजे आमच्या बांधाचा मुठा कुठं ठाण्याच्या, कुठं पिंपरीच्या कढईत जातो.

गोळी खाल्लेला मुठा जागच्या जागी मरतोच असं नाही. काही बिळात जाऊन मरतात, काही लडबडत बाहेर फिरतात. रात्री बॅटरीच्या उजेडात जो मुठा हळू चालतो तो आधी धरला जातो. त्याला धरणाऱ्याला कसं कळणार की हा सुस्त आहे की विषानं गेलाय? आणि आपल्याकडे मुठा खातात कसा? पाय-नांग्या कुटून रस काढतो, पेंदा फोडून आतलं सगळं रश्श्यात घालतो. पोटातली गोळीही त्यातच. ॲसिफेट हे फॉस्फरस गटातलं कीटकनाशक आहे, माणसाच्या मज्जासंस्थेवर त्याच वाटेनं काम करतं ज्या वाटेनं किडीवर करतं. शिजवल्यावर काही होत नाही म्हणणारे भेटतात. त्यांनी आपल्या ताटात घ्यावं.

वाडीतल्या एक आजी आहेत. सत्तरीच्या पुढे असतील, अजून सुनेबरोबर येतात. दरवर्षी पहिल्यांदा येतात तेव्हा बांधावर पाय ठेवायच्या आधी दारात येऊन विचारतात, "दादा, यंदा औषध टाकलंय का बांधाला? टाकलं असंल तर सांग. आमी दुसरीकडं जातो." एवढंच. तक्रार नाही, विनंती नाही. पण मला दरवेळी वाटतं, सांगायला दारात मी नसलो तर? किंवा मी टाकलं नाही आणि तात्यांनी टाकलं, तर बांधाच्या कुठल्या अंगाचा मुठा कुणाचा, हे त्यांना रात्री कसं दिसणार?

हे तात्यांना सांगितलं. ते गप्प बसले थोडा वेळ. मग म्हणाले, "माणसं खातात ते मलाही कळतं. पण बांध फुटला तर ती माणसं भरायला येणार का?"

मी म्हटलं, विचारून बघू.

विचारलं. आजींच्या सुनेनं सांगितलं की आठ-दहा जणं रोज येऊ, पण एकाच आळीत येऊ, इकडे-तिकडे नाही. मुठे आमचे. बिळं तुम्ही बुजवा, ते काम आमचं नाही. सौदा साफ होता. तात्यांनी मुदत दिली: सहा रात्री. तोवर चुड कापणं थांबलं नाही तर गोळ्या.

सहापैकी दोन रात्री पाऊस इतका होता की बांधावर उभं राहता येईना. चार रात्री मिळाल्या. सोय अशी केली की खाचरातलं पाणी संध्याकाळी जरा कमी करायचं, म्हणजे मुठे कडेला येतात आणि दिसतात. बॅटऱ्या, गोणी आणि बिळात घालायला सळीचा आकडा. पहिल्या रात्री ६१, दुसऱ्या ४८, तिसऱ्या ३७, चौथ्या २२. एकूण १६८ मुठे, सहा खाचरांत. तात्या पहिल्या रात्री बांधावर खुर्ची टाकून मोजत बसले होते. तिसऱ्या रात्री ते स्वतः आकडा घेऊन उतरले, म्हणजे हातात लहानपणची सवय आहे.

दिवसा आम्ही बिळं भरली. नुसती वरून माती लोटून उपयोग नाही, ती पहिल्या पावसात बसते. पहारीनं बीळ उकरून आतपर्यंत मोकळं करायचं, तळाला दगडाच्या कपच्या, वर चिकण माती ओली करून पायानं दाबत थर द्यायचे, शेवटी बाहेरच्या अंगानं बांध चोपायचा. एका बिळाला पाऊण तास जातो. सगळी झाली नाहीत. अर्धी झाली असतील.

एक वाद झालाच. पिल्लंवाल्या माद्या. चार रात्रींत अशा सात सापडल्या. वाडीतल्या बायकांनी त्या गोणीत घातल्या नाहीत, बाजूला पाण्याच्या डब्यात ठेवल्या आणि सकाळी ओढ्याच्या पलीकडे सोडल्या. तात्या म्हणाले, "ही पुढच्या वर्षीची पेरणी केलीत तुम्ही." आजी हसल्या. म्हणाल्या, "मंग पुढल्या वर्षी काय खायाचं?" मी मधे पडलो नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. वर लिहिलं तसं, मुठा समुद्रातून परत येत नाही. इथं संपला तर इथं संपला. आमच्याच गावाच्या रस्त्याकडच्या अंगाला जिथं बांध जाऊन फार्महाऊसची काँक्रीटची कुंपणं आली, तिथं आता रात्री बॅटरी मारली तर नुसता गवताचा किडा दिसतो. तिथं कुणी औषधही टाकलं नव्हतं.

आता परिणाम. बांधालगतच्या ओळीत दहा पावलांचा एक तुकडा खुंट्या मारून ठरवला होता. सौद्याच्या आधल्या सकाळी त्यात ४१ चुड कापलेले होते. नांग्या भरल्या. शेवटच्या रात्रीनंतरच्या सकाळी पुन्हा मोजले, नवीन कापलेले ९. कृषीवाले मित्र लगेच म्हणतील की तुलनेला न पकडलेलं खाचर कुठं ठेवलं? नाही ठेवलं. आणि या आठवड्यात रोपही जरा कडक झालंय, तेही धरा. म्हणजे ४१ चे ९ झाले याचं सगळं श्रेय आकड्याला देऊ नका. कुणाला पुढच्या हंगामात नीट चाचणी घ्यायची असेल तर माझी चार खाचरं मोकळी आहेत, फक्त वाडीला आधी विचारावं लागेल.

खर्चाचा हिशेबही सांगतो, कारण तो विचारला जाणार. पकडायला पैसे गेले नाहीत, मुठे त्यांचे. रात्रीचा चहा आणि बॅटरीचे सेल आमचे. बिळं भरायला घरची तीन माणसं चार दिवस. ही मजुरी धरली तर औषधापेक्षा महाग पडतं, ते लपवत नाही. पण बिळं तर औषध टाकल्यावरही भरायचीच असतात. मेलेल्या मुठ्याचं बीळ आपोआप बुजत नाही, आणि पाणी बिळात कुणी राहतं का ते विचारून शिरत नाही.

ज्यांच्या आळीत सगळ्यांनी मिळून गोळ्या टाकायचंच ठरलंय, त्यांना एकच मागणं आहे. टाकायच्या आधी दोन दिवस वाड्यांवर जाऊन तोंडी सांगा. बोर्ड लावून भागत नाही, रात्री बोर्ड कोण वाचतो. सकाळी मेलेले मुठे गोळा करून खोल पुरा, ओढ्यात फेकू नका; खाली मासे आहेत, बगळे आहेत, गुरं पाणी पितात. उरलेल्या गोळ्या मोजून परत आणा.

तात्यांचं म्हणाल तर सहावी रात्र उलटून गेली, त्यांनी गोळ्यांचा विषय काढलेला नाही. औषधाची पुडी आणून ठेवलेली आहे, पोरांच्या हाताला लागू नये म्हणून वर कुलपात. परवाच्या पावसात त्यांच्या दुसऱ्या बांधाला बाहेरून ओल दिसायला लागली आहे, हाताच्या पंजाएवढा पट्टा. बीळ अजून सापडलेलं नाही. उद्या पाऊस उघडला तर पहार घेऊन तिकडे जायचंय, आजींच्या सुनेलाही बोलावलंय. बीळ शोधण्यात तिचा हात आमच्या सगळ्यांपेक्षा चांगला आहे.